मोहोर आणि चीवर : साम्यवादी राजवटींतील सरकारमान्य बौद्ध संघटनांची कहाणी

१/
१९५१ चा वसंत. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातल्या युनमेन मठाला सशस्त्र माणसांनी वेढा घातला. मठात सोने आणि शस्त्रे दडवलेली आहेत, असा संशय होता. मठाचे प्रमुख शू युन हे चीनमधील सर्वाधिक पूज्य ध्यानाचार्यांपैकी एक. परंपरेनुसार त्यांनी तेव्हा शंभरी ओलांडलेली होती. त्यांना बेदम मारहाण झाली. सोने सापडले नाही, शस्त्रेही सापडली नाहीत. दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, बीजिंगमध्ये ‘चिनी बौद्ध संघटना’ स्थापन झाली. तिच्या चार सन्माननीय अध्यक्षांच्या यादीत दलाई लामा आणि पंचेन लामा यांच्यासोबत एक नाव होते शू युन यांचे.

२/
मारहाण आणि सन्मान, दोन्ही एकाच राजवटीत घडले. धर्म ही अफू मानणाऱ्या पक्षाला भिक्खूंची संघटना हवी कशाला होती? आणि भिक्खूंनी तरी तिच्यात बसणे का पत्करले? सोव्हिएत संघ, मंगोलिया, चीन आणि व्हिएतनाम या चार देशांचा विसाव्या शतकातील बौद्ध इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. त्यातला एक अध्याय तर अजूनही संपलेला नाही.

३/
संघावर राज्यसत्तेची नजर असणे ही गोष्ट साम्यवादाने प्रथम आणली असे नाही. सारनाथ, सांची आणि कौशांबी येथील अशोकाच्या स्तंभलेखांत, संघात फूट पाडणाऱ्या भिक्खूला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे, अशी राजाज्ञा आहे. चीनच्या सम्राटांनी भिक्खूंवर देखरेखीसाठी अधिकारी नेमले. रशियाच्या साम्राज्ञी एलिझाबेथ यांनी १७४१ मध्ये बुर्यात लोकांच्या ११ मठांना आणि १५० लामांना मान्यता दिली. त्या आकड्याबाहेरचे लामा सरकारदरबारी लामाच नव्हते. मात्र अशोकाला संघ टिकावा असे वाटत होते. विसाव्या शतकातील नव्या राज्यकर्त्यांची धारणा वेगळी होती : धर्म आपोआप विझणार आहे, तोवर तो हाताशी असावा.

४/
या धारणेचा पहिला प्रयोग बुर्यातियात, म्हणजे बैकल सरोवराभोवतीच्या प्रदेशात झाला. तेथील अग्वान दोर्जिएव्ह हे तेराव्या दलाई लामांचे विश्वासू सहकारी. सेंट पीटर्सबर्गमधील बौद्ध मंदिर उभे राहिले ते त्यांच्याच प्रयत्नांनी. क्रांतीनंतर त्यांनी आणि सुधारणावादी लामांनी एक युक्तिवाद मांडला : बुद्धाने जगन्निर्माता ईश्वर मानलेला नाही, संघात खासगी मालमत्तेला स्थान नाही, तेव्हा बौद्ध धर्माचे आणि साम्यवादाचे वैर असण्याचे कारण नाही. १९२० च्या दशकात काही काळ हा युक्तिवाद खपला. १९२७ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत बौद्धांची परिषदही भरली.

५/
दहा वर्षांत सारे संपले. नोव्हेंबर १९३७ मध्ये दोर्जिएव्ह यांना अटक झाली आणि जानेवारी १९३८ मध्ये ते उलान-उदे येथील तुरुंगाच्या इस्पितळात मरण पावले. तोवर वयाची ऐंशी वर्षे त्यांनी ओलांडली होती. दशक संपेपर्यंत बुर्यातियात एकही मठ उघडा उरला नाही. शेजारच्या मंगोलियात चोइबाल्सान यांच्या काळात १९३७ ते १९३९ दरम्यान सुमारे १७,००० लामा ठार झाले आणि सातशेच्या आसपास मठ उद्ध्वस्त झाले. देवाशिवायच्या धर्माला सूट मिळेल, हा अंदाज साफ चुकला. राजवटीचा रोख ईश्वरकल्पनेपेक्षा मठांवर होता. मठांकडे गुरेढोरे होती, शाळा होत्या आणि लोकांची निष्ठा होती.

६/
मग महायुद्ध आले आणि स्टालिनचे धोरण वळले. लोकांचे मनोबल हवे होते. परदेशी मित्रांना दाखवायला धर्मस्वातंत्र्यही हवे होते. १९४४ मध्ये उलानबातरमधील गंदन मठ पुन्हा उघडला. त्याच वर्षी अमेरिकेचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस मंगोलियात आले होते. त्यांनी मठ पाहण्याची इच्छा व्यक्त केल्यामुळे दार उघडले, असे सांगितले जाते. १९४५ मध्ये उलान-उदेजवळ इव्होल्गिन्स्क येथे मठाला परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी आगिन्स्क येथील मठ उघडला आणि सोव्हिएत बौद्धांचे ‘केंद्रीय धार्मिक मंडळ’ स्थापन झाले. अवाढव्य सोव्हिएत संघात पुढची चाळीस वर्षे एवढे दोनच बौद्ध मठ चालू होते.

७/
मंडळाचे प्रमुख जुनीच पदवी धारण करत : पंडितो खांबो लामा. १७६४ पासून चालत आलेला हा मान. त्यातला ‘पंडित’ हा शब्द थेट भारतातून गेलेला. परंतु नेमणुका आणि परदेशवाऱ्या सरकारच्या धर्मव्यवहार परिषदेच्या संमतीविना होत नसत. ठरलेल्या भिंतींच्या आत पूजा चाले. भिंतीबाहेर शिकवणे हा गुन्हा होता.

८/
या भिंतीचा अर्थ काय होता, हे बिदिया दांदारोन यांच्या आयुष्यावरून कळते. हे बुर्यात विद्वान १९३७ मध्ये प्रथम पकडले गेले आणि छळछावण्यांतून शेवटचे सुटले ते १९५६ मध्ये. त्यानंतर उलान-उदेच्या संशोधनसंस्थेत ते तिबेटी ग्रंथांवर काम करू लागले. हळूहळू त्यांच्याभोवती शिष्य जमले, त्यांत रशियन आणि बाल्टिक प्रदेशांतील तरुणही होते. मंडळाच्या चौकटीबाहेर वाढलेला हा पहिलाच लक्षणीय समूह. १९७२ मध्ये बेकायदा पंथ चालवल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली, पाच वर्षांची शिक्षा झाली. १९७४ मध्ये छावणीतच त्यांचा मृत्यू झाला. त्या काळात इव्होल्गिन्स्कमध्ये परदेशी पाहुण्यांचे स्वागत नेहमीप्रमाणे चालू होते.

९/
परदेशी पाहुणे हे या संघटनांचे मोठे कार्यक्षेत्र बनले. १९७० मध्ये उलानबातर येथे ‘आशियाई बौद्ध शांतता परिषद’ आकाराला आली; तिचे मुख्यालय गंदन मठात. व्हिएतनाम युद्ध आणि अण्वस्त्रे यांविरुद्ध ठराव होत, सोव्हिएत धोरणाला ते पोषक असत. तरीही तिने काही दारे किलकिली केली. गंदनमध्ये १९७० पासून धार्मिक विद्यालय सुरू झाले आणि सोव्हिएत बुर्यातियातले तरुणही तेथे शिकू लागले. १९७९ मध्ये दलाई लामा प्रथमच मंगोलियात आणि सोव्हिएत संघात आले. या परिषदेशी निगडित असलेले लडाखचे कुशोक बकुला रिनपोछे १९९० मध्ये भारताचे राजदूत म्हणून उलानबातरला गेले आणि मंगोलियातील धर्माच्या पुनरुज्जीवनाचे एक आधारस्तंभ ठरले.

१०/
चीनमध्ये मात्र प्रश्नाचा आकार फार मोठा होता. येथे लक्षावधी भिक्खू-भिक्खुणी होत्या आणि मठांचा कणा होता त्यांची शेतजमीन. १९५० च्या जमीन सुधारणा कायद्याने मंदिरांची जमीन काढून घेतली. कुळांच्या दृष्टीने हा न्याय होता, कारण मठ हेही जमीनदारच होते. पण खंड थांबला आणि अनेक विहारांत चूल पेटेनाशी झाली. बरेच तरुण भिक्खू घरी परतले. उरलेल्यांनी हातमाग, शेती, कारखाने यांचा आधार घेतला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘आधुनिक बौद्ध धर्म’ या नियतकालिकातून नव्या राजवटीशी जुळवून घेण्याचे तत्त्वज्ञान मांडले जाऊ लागले. कोरियाच्या युद्धात बौद्धांच्या नावाने लढाऊ विमानासाठी निधी गोळा झाला, आणि अहिंसेचे व्रत घेतलेल्यांनी शत्रूच्या हत्येला करुणेचे नाव देणारे लेख लिहिले.

११/
या पार्श्वभूमीवर १९५३ च्या मे महिन्याअखेरीस बीजिंगच्या ग्वांगजी मंदिरात चिनी बौद्ध संघटनेची स्थापना झाली. सरकारच्या नेतृत्वाखाली बौद्धांनी मातृभूमीवर प्रेम करावे आणि जागतिक शांततेसाठी झटावे, असा तिचा उद्देश जाहीर झाला. संघटनेचा खरा चालक होता एक गृहस्थ उपासक : झाओ पुचू. कवी, सुलेखनकार, आणि १९३७ च्या युद्धात शांघायमध्ये निर्वासितांसाठी राबलेला कार्यकर्ता. पक्षाला ते विश्वासू वाटत आणि भिक्खूंना आपले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी या दोन विश्वासांच्या मधोमध काढली.

१२/
संघटनेने केलेले काही काम खरोखर मोलाचे होते. बीजिंगजवळच्या युनजू मंदिराच्या परिसरात चौदा हजारांहून अधिक शिलापटांवर बौद्ध सूत्रे कोरलेली आहेत. सातव्या शतकाच्या आरंभी जिंगवान नावाच्या भिक्खूने, धर्म बुडाला तरी शब्द उरावेत म्हणून हे काम आरंभले होते. १९५६ ते १९५८ या काळात संघटनेने हे पट बाहेर काढून त्यांचे ठसे घेतले. १९५६ मध्येच फायुआन मंदिरात बौद्ध अकादमी सुरू झाली. धर्म बुडण्याच्या भीतीने कोरलेली अक्षरे, धर्म बुडेल अशी खात्री असलेल्या राजवटीच्या आश्रयाने उतरवली गेली.

१३/
दुसरे काम मुत्सद्देगिरीचे. बीजिंगच्या लिंगग्वांग मंदिरातील बुद्धाचा दंतधातू १९५५ मध्ये ब्रह्मदेशात आणि १९६१ मध्ये श्रीलंकेत दर्शनासाठी नेण्यात आला. हजारो भाविकांनी रांगा लावल्या. जानेवारी १९५७ मध्ये नालंदा येथे दलाई लामांनी चीन सरकारच्या वतीने ह्युएनत्संगाच्या अस्थी पंडित नेहरूंच्या स्वाधीन केल्या. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा हाच तो प्रवासी. आशियातील बौद्ध देशांना चीनविषयी वाटणारी धास्ती कमी करण्यासाठी चीवराइतके प्रभावी साधन परराष्ट्र खात्याजवळ दुसरे नव्हते.

१४/
या देखाव्याने सर्वच भारतीय भारावले नव्हते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंचशील करारावर बोट ठेवले. पंचशील हा बौद्ध धर्माचा गाभा आहे. माओंचा त्यावर विश्वास असता, तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेनंतर काही आठवड्यांतच, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण संपवणे हे दोघांचेही ध्येय. पण मार्क्सवादाचे साधन बळजबरी आणि हुकूमशाही, बुद्धाचे साधन मनाचे परिवर्तन. दडपण उठताच बळाने लादलेली व्यवस्था टिकणार नाही, असे त्यांचे निदान होते.

१५/
दडपण वाढतच गेले. मार्च १९५९ मध्ये तिबेटमधील उठावानंतर दलाई लामा भारतात आले. संघटनेने उठावाचा निषेध केला. १९६२ मध्ये दहाव्या पंचेन लामांनी पंतप्रधान चौ एन-लाय यांना दीर्घ निवेदन सादर केले. तिबेटमध्ये पूर्वी अडीच हजारांहून अधिक मठ होते, ते सत्तरच्या आसपास उरले; भिक्खू-भिक्खुणींची संख्या सुमारे १,१०,००० वरून ७,००० वर आली, असे त्यात नमूद होते. हे लिहिणारा माणूस चोवीस वर्षांचा होता आणि राजवटीने ज्याच्यावर सर्वाधिक भिस्त ठेवली होती तोच होता. पुढे त्यांना पदावरून दूर करण्यात आले, मग तुरुंगवास घडला. सुटका झाली १९७७ मध्ये.

१६/
संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष शेराब ग्यात्सो यांचा शेवट अधिक दारुण. ते आमदोमधील थोर तिबेटी पंडित, ल्हासाजवळच्या द्रेपुंग मठात शिकलेले. १९५५ पासून ते अध्यक्षपदी होते. अनेक व्यासपीठांवरून त्यांनी सरकारची बाजू मांडली. १९६० च्या दशकाच्या आरंभी धर्मावरील अत्याचारांविरुद्ध ते उघड बोलू लागले आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. सांस्कृतिक क्रांतीत तरुण लाल रक्षकांनी त्यांचा छळ केला आणि १९६८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. तोवर संघटनेचे काम ठप्प झाले होते, नियतकालिक बंद पडले होते, विहारांचे गोदामांत रूपांतर झाले होते. सरकारी मोहोर अध्यक्षांनाही वाचवू शकली नाही.

१७/
चीनमध्ये विहार बंद पडत होते, त्याच दशकात दक्षिण व्हिएतनाममध्ये बौद्ध भिक्खू सत्तेला हादरे देत होते. ११ जून १९६३ रोजी सायगावच्या चौकात थिच क्वांग डुक यांनी, कम्युनिस्टविरोधी न्गो दिन्ह दियेम सरकारच्या धार्मिक पक्षपाताविरुद्ध, स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये ‘एकीकृत बौद्ध संघ’ उभा राहिला. शाळा, अनाथालये, विद्यापीठ चालवणारी ही स्वायत्त संस्था अमेरिकेच्या युद्धाचीही विरोधक होती. १९७५ मध्ये साम्यवाद्यांनी सायगाव जिंकले, तेव्हा हा संघ आपला मित्र ठरेल असे त्यांना वाटणे शक्य होते. पण कोणापुढेही न वाकणारी संस्था कोणत्याच राजवटीला परवडत नाही. १९७७ मध्ये तिच्या नेत्यांना अटक झाली.

१८/
७ नोव्हेंबर १९८१ रोजी हनोईच्या क्वान सू विहारात नऊ बौद्ध संघटना एकत्र करून ‘व्हिएतनाम बौद्ध संघ’ स्थापन झाला. त्याचे ब्रीद : धम्म, राष्ट्र, समाजवाद. पक्षाच्या ‘पितृभूमी आघाडी’चा तो घटक. आता जुन्या संघातील प्रत्येक भिक्खूसमोर निवड होती. तिची दोन टोके दोन माणसांत दिसतात.

१९/
पहिले थिच मिन्ह चाऊ. त्यांनी बिहारमध्ये नव नालंदा महाविहारात अभ्यास केला आणि चिनी मध्यम आगम व पाली मज्झिम निकाय यांच्या तुलनेवर डॉक्टरेट मिळवली. सायगावच्या वान हान्ह विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. नव्या राजवटीत ते विद्यापीठ बंद झाले. मिन्ह चाऊ यांनी सरकारमान्य संघात पद घेतले, राष्ट्रीय संसदेतही बसले. या सवलतीच्या बळावर भिक्खूंसाठी उच्च शिक्षण पुन्हा सुरू झाले, आणि पाली निकायांचा त्यांनी केलेला व्हिएतनामी अनुवाद छापला जाऊन विहारांत पोहोचला. आज व्हिएतनाममधील सामान्य उपासक बुद्धवचन आपल्या भाषेत वाचतो, त्यामागे त्यांचे श्रम आहेत.

२०/
दुसरे थिच क्वांग डो. त्यांनी आणि थिच हुयेन क्वांग यांनी नव्या संघात जाण्यास नकार दिला. १९८२ मध्ये क्वांग डो यांना उत्तरेतील थाय बिन्ह येथे हद्दपार करण्यात आले. सोबत वृद्ध आई. ती १९८५ मध्ये तेथेच वारली. १९९४ मध्ये मेकाँगच्या खोऱ्यात महापूर आला, तेव्हा बंदी असलेल्या संघाच्या नावाने मदत नेल्याबद्दल त्यांना पुन्हा पकडले आणि पाच वर्षांची शिक्षा दिली. पूरग्रस्तांना तांदूळ देणे हा गुन्हा नव्हता. तो कोणाच्या नावाने दिला, हा होता. २०२० मध्ये, जवळपास चार दशकांच्या हद्दपारी, कैद आणि नजरकैदेनंतर, त्यांचे निधन झाले.

२१/
या दोघांपैकी बरोबर कोण, याचा निकाल सोपा नाही. मिन्ह चाऊ नसते तर निकाय छापले गेले नसते. क्वांग डो नसते, तर सत्तेच्या परवानगीविना संघ असू शकतो ही आठवणच उरली नसती. शेजारच्या कंबोडियाचे उदाहरण तराजू आणखी डळमळवते. ख्मेर रूजच्या राजवटीने संघ मुळासकट उपटला. सरकारी संघटनाही ठेवली नाही. १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याच्या छायेत सात जणांना पुन्हा उपसंपदा देऊन संघाची सुरुवात करावी लागली, आणि पन्नाशीच्या आतील पुरुषांना चीवर घेण्यास १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मनाई राहिली. जिथे काहीच उरले नव्हते, तिथे मोहोर असलेले चीवरही लोकांनी डोक्यावर घेतले.

२२/
चीनमध्येही उरलेल्यातूनच पुन्हा उभारणी झाली. १९८० मध्ये झाओ पुचू संघटनेचे अध्यक्ष झाले. उद्याने, कारखाने आणि संग्रहालये यांच्या ताब्यात गेलेले विहार भिक्खूंना परत मिळावेत, म्हणून त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. १९८३ मध्ये सरकारने हान प्रदेशातील १४२ प्रमुख विहारांची यादी जाहीर केली. आज पर्यटक जे चिनी विहार पाहतात, त्यांतील अनेकांची दारे त्या यादीने उघडली. धर्म काही दशकांत विझेल, हा पक्षाचा जुना हिशेब चुकला होता. मग संघटनेला नवे काम मिळाले. धर्म जाणार नसेल, तर त्याचा पुढचा वारस कोण हे ठरवण्याचे.

२३/
जानेवारी १९८९ मध्ये पंचेन लामांचे निधन झाले. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी गेधुन चोएक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला त्यांचा पुनरवतार म्हणून मान्यता दिली. तीन दिवसांत तो मुलगा कुटुंबासह नेला गेला. त्यानंतर तो जगाला दिसलेला नाही. २९ नोव्हेंबर रोजी ल्हासाच्या जोखांग मंदिरात, सरकारी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, चिंग साम्राज्याने १७९३ मध्ये दिलेल्या सुवर्णकलशातून चिठ्ठी काढून दुसऱ्या मुलाची निवड झाली. ग्यालत्सेन नोर्बू नावाचा तो मुलगा २०१० मध्ये चिनी बौद्ध संघटनेचा उपाध्यक्ष झाला.

२४/
१ सप्टेंबर २००७ पासून चीनमध्ये पुनर्जन्माचाही नियम आहे : सरकारी मंजुरीशिवाय कोणताही अवतारी लामा वैध नाही. अवतार मान्य करावा की नाही, हे आता निरीश्वरवादी पक्षाचे सरकार ठरवते, आणि संघटना त्या प्रक्रियेतील एक कार्यालय आहे. २ जुलै २०२५ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, दलाई लामांनी जाहीर केले की आपली परंपरा पुढे चालेल आणि वारस ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाचा असेल. बीजिंगने सुवर्णकलश आणि केंद्र सरकारची मंजुरी अनिवार्य असल्याचे लगेच बजावले.

२५/
विनयपिटकाची व्यवस्था साधी आहे. संघ एकत्र बसतो, प्रस्ताव मांडला जातो, कोणाची हरकत असेल तर त्याने बोलावे, नसेल तर मौन राखावे. मौन म्हणजे संमती. विसाव्या शतकातील या संघटनांतही प्रस्ताव मांडले गेले, मौन राखले गेले, ठराव संमत झाले. फरक इतकाच की त्या सभांत हरकत घेण्याची किंमत काय होती, हे पंचेन लामा, शेराब ग्यात्सो आणि दांदारोन यांच्या आयुष्यांनी दाखवून दिले. युनजूचे शिलापट, व्हिएतनामी निकाय आणि चीनमधील १४२ विहार या संघटनांच्या जमेस धरावे लागतात. आणि खर्चाच्या बाजूला, १९९५ च्या मे महिन्यात घरातून नेलेला एक सहा वर्षांचा मुलगा, ज्याच्याविषयी त्याच्याच धर्माच्या सरकारमान्य संघटनेने आजवर मौन राखले आहे.

(समाप्त)